यशवंतपूरच्या भूमीखालचे पाणी

जमीन इनाम देताना जुन्या मराठी सनदांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसह ती दिली, असे लिहिण्याचा प्रघात होता आणि त्या अनुक्रमात जलाचा मान पहिला असे. ज्या भूमीत पाणी नाही तिच्यावरचे उरलेले सगळे हक्क कागदावरच राहतात, हे त्या काळच्या दफ्तरातील साध्या कारकुनालाही पुरते ठाऊक होते. बंगळूर शहराच्या वायव्येकडील ज्या भूभागाविषयी हा लेख आहे, त्याचा शेजार एके काळी अशाच एका मराठी राजाच्या दानाचा विषय झालेला आहे. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजांनी केंपेगौडाच्या वंशजांकडून बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागीर म्हणून आले. शहाजीराजांच्या पश्चात त्यांचे पुत्र एकोजीराजे यांनी १६६९ साली मल्लपूरच्या मल्लिकार्जुन देवस्थानाला मेदरनिंगनहळ्ळी नावाचे गाव दिल्याचा शिलालेख उपलब्ध आहे. ते देवस्थान म्हणजे आजचे मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वर, आणि त्या गावाच्या भूमीवर पुढे जमशेटजी टाटांच्या संकल्पातून १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. संस्थेच्या दाट वनराईचे कुंपण जेथे संपते, तेथून पश्चिमेस यशवंतपूर सुरू होते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे नाव बहुधा दोन कारणांनी परिचित असते : एक तेथील रेल्वे जंक्शन, आणि दुसरे तेथील बाजारसमितीचे आवार, जेथे नाशिक-नगरकडचा कांदा वर्षानुवर्षे उतरत आलेला आहे. स्थानकाच्या पलीकडे पीण्या येथील विस्तीर्ण औद्योगिक वसाहत, उत्तरेस मत्तीकेरे आणि जालहळ्ळी, पूर्वेस सदाशिवनगर, आणि या सर्वांच्या मधोमध जुन्या बैठ्या घरांच्या आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या पंधरा-पंधरा, वीस-वीस मजल्यांच्या इमारती, असे या परिसराचे आजचे रूप आहे. येथील रहिवासी नळाच्या पाण्याला नदीच्याच नावाने संबोधतात. सकाळी जिन्यात भेटलेली शेजारीण दुसरीला ‘आज कावेरी आली का?’ असे विचारते, तेव्हा तळघरातील टाकीत, म्हणजे तेथल्या भाषेत ‘संप’मध्ये, पाणीपुरवठा मंडळाचे पाणी पडले का, एवढाच तिचा आशय असतो. कावेरी आली नाही तर बोअर, आणि बोअरने दगा दिला तर टँकर, असा हा क्रम घरोघर पाठ झालेला आहे. या तीन स्रोतांपैकी कावेरीच्या पाण्याला मीटर आहे, टँकरच्या पाण्याची पावती आहे; मात्र जे पाणी आपल्याच पायांखाली आहे आणि अडचणीच्या दिवसांत ज्याच्यावर सगळी भिस्त असते, त्याची शिल्लक किती, हे सांगणारा एकही कागद बहुतेक इमारतींच्या दफ्तरी आढळत नाही. हा कागद असला पाहिजे, आणि तो ते पाणी पिणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला पाहिजे, हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहीत आहे.

बंगळूरला बारमाही नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या एका पाठारावर, जेथून पाणी चारी दिशांना उतरून जाते अशा उंचवट्यावर हे नगर वसलेले आहे, आणि म्हणूनच त्याच्या जुन्या राज्यकर्त्यांनी उताराच्या प्रत्येक वळणावर बांध घालून तळ्यांची एक साखळी निर्माण केली. काडु मल्लेश्वराच्या समोर, मातीखाली गाडलेले आणि गेल्या शतकाच्या अखेरीस खोदकामात उघडे झालेले नंदीतीर्थ आहे. तेथे नंदीच्या मुखातून झऱ्याचे पाणी शिवलिंगावर पडून खालच्या कुंडात उतरते आणि वृषभावती नदीचा एक उगम येथलाच, असे लोक श्रद्धेने सांगतात. या झऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर कर्नल रिचर्ड सँकी यांनी १८८२ मध्ये बांधवलेला सँकी तलाव आहे. मत्तीकेरेच्या नावातच ज्या तळ्याचा निर्देश आहे, ते तळे मात्र आज उद्यान झालेले आहे.

तळी आणि विहिरी अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा म्हैसूर संस्थानाने अर्कावती नदीवरील हेसरघट्टा जलाशयाचे पाणी १८९६ मध्ये शहरात आणले आणि ते गाळून वाटण्याची व्यवस्था यशवंतपूरच्या शेजारी मल्लेश्वरम् येथे केली. त्यानंतर १९३३ मध्ये त्याच अर्कावतीवर तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला. स्वातंत्र्योत्तर काळात १९६४ साली पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळ स्थापन झाले आणि १९७४ पासून कावेरीचे पाणी शंभर किलोमीटरांवरून, सुमारे पाचशे मीटरांची चढण तीन टप्प्यांत पंपांनी चढवून, शहरात येऊ लागले. कावेरी आली आणि अर्कावतीचा विसर पडला. आज हेसरघट्ट्याचे पात्र बहुतेक वर्षे कोरडे असते आणि तिप्पगोंडनहळ्ळीत येणारा ओघ पूर्वीच्या मानाने फार घटलेला आहे. पाऊस कमी झाला म्हणून नदी आटली, असे सहज मनात येते. परंतु ‘अट्री’ या बंगळूरच्या संशोधनसंस्थेतील वीणा श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी अर्कावतीच्या खोऱ्याचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा पर्जन्यमानात या घटीचे समर्थन होईल असा फरक त्यांना आढळला नाही. विंधनविहिरींनी खाली ओढून नेलेली भूजलपातळी आणि निलगिरीच्या लागवडीने शोषलेली ओल, ही कारणे त्यांना अधिक सबळ वाटली. पूर्वी जमिनीतले पाणी पाझरत येऊन नदीला मिळत असे. पातळी पात्राच्या तळाखाली गेली आणि नदीच उलट जमिनीत मुरू लागली. हे डोळ्यांना दिसत नाही; विहिरीत पट्टी सोडून वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या तरच ते कळते.

बंगळूरच्या खालचा खडक आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाहून निराळा आहे. तो पट्टिताश्म आणि ग्रॅनाइट या जातींचा, अब्जावधी वर्षांचा जुना, आणि स्वभावतः पाणी न धरणारा आहे. वरचा काही मीटरांचा थर हवापाण्याने कुजून मुरमासारखा झालेला असतो. त्याच्या पोकळ्यांत पाणी साठते, आणि जुन्या काळच्या वाटोळ्या उघड्या विहिरी याच थरावर जगत होत्या. त्याखाली अखंड कातळ आणि कातळाला गेलेल्या भेगा. पाणी असते ते या भेगांत; एका जागी भेग लागते आणि दहा हातांवर काहीच लागत नाही, म्हणून विंधनविहीर खोदणारा ‘दोन इंच पाणी लागलं’ असे म्हणतो तेव्हा मालकाच्या चेहऱ्यावर एवढे समाधान पसरते. पण भेगेत साठा थोडा असतो. वरच्या मुरमातून खाली झिरपणाऱ्या पाण्यावरच तिचे भागते. मुरमाचा थर कोरडा पडला की भेग किती दिवस पुरेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग तीनशे फुटांची विहीर सहाशेवर, सहाशेची हजारावर, आणि शहराच्या कडेला त्याहूनही खाली जाते. कायदाही या स्पर्धेला अनुकूल राहिला : सँकी तलावाच्याच वर्षी, १८८२ साली, झालेल्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने आपल्या हद्दीतील जमिनीखालचे पाणी काढून घेण्याचा हक्क जमीनमालकाचा मानला. कर्नाटकाने २०११ मध्ये भूजलनियमनाचा कायदा करून विहिरींची नोंदणी आणि नव्या विहिरीस परवानगी आवश्यक केली, हे योग्यच झाले. परंतु कुंपणाची भिंत पाण्यालाही अडवते ही जुनी समजूत अद्यापि लोकांच्या मनातून गेलेली नाही.

मोजणीचे प्रत्यक्ष काम कसे चालते ते मी मत्तीकेरेच्या बाजूच्या एका गृहसंकुलात पाहिले. तेथे मूळचे सातारकडचे, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक अभियंते राहतात. संकुलातील बोअरची पातळी मोजण्याचा परिपाठ त्यांनी सुरू केला आहे आणि त्यांचा उजवा हात म्हणजे तेथला वॉटरमन, बीदरकडचा, घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलत वाढलेला एक तरुण. मोजणी पहाटे करायची, कारण रात्रभर पंप बंद असतो आणि पाणी आपल्या मूळ पातळीला येऊन स्थिरावलेले असते. पंप चालू असताना घेतलेला आकडा आणि विश्रांतीनंतरचा आकडा यांत मोठे अंतर असते. दोन्ही उपयोगाचे असतात, पण दोहोंची सरमिसळ झाली की वहीचा काही उपयोग राहत नाही. बोअरच्या तोंडावरील लोखंडी झाकणाला त्यांनी एक बोटभर रुंदीचे भोक पाडून घेतले आहे आणि त्यातून मोटरच्या नळाला लगटून एक बारीक प्लास्टिकची नळी खाली सोडली आहे; ती नसेल तर मोजपट्टी मोटरच्या केबलमध्ये आणि दोरात गुंतून बसते आणि कधी कधी तेथेच तुटते. पट्टीच्या टोकाला धातूचा शोधक असतो. तो पाण्याला टेकला की वर चाकापाशी घंटी वाजते. शोधक आत सोडण्यापूर्वी क्लोरीनच्या पाण्याने पुसून घ्यायचा, कारण एका विहिरीतली घाण दुसरीत नेणे बरे नव्हे.

त्या पहाटे पट्टी उलगडत गेली आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर घंटी वाजली. अभियंते आकडा लिहू लागले, तेवढ्यात तो तरुण म्हणाला, ‘‘थांबा काका, हे खरं पाणी नाही. वरच्या भेगेतून गळतंय, ते शोधकाला लागलं. कान लावून बघा.’’ आम्ही भोकाशी कान नेला, तर खोलवर कोठे तरी पाणी ठिबकत पडत असल्याचा आवाज येत होता. त्याने पट्टी थोडी हलवली, आणखी सोडली. घंटी थांबली, पुन्हा तुटक वाजली, पुन्हा थांबली, आणि बऱ्याच खाली गेल्यावर सलग वाजू लागली. पट्टी तीनदा वरखाली करून तिन्ही वेळा एकच आकडा आल्यावर काकांनी तो वहीत चढवला : तारीख, वेळ, पंप केव्हा बंद केला ते, आदल्या दिवशी तो किती तास चालला ते, झाकणापासूनची खोली, आणि तीतून झाकणाची जमिनीपासूनची उंची वजा करून आलेली पातळी. शेवटच्या रकान्यात पावसाची नोंद. एवढे करायला अर्धा तास पुरला. आकडा घेण्यापूर्वी विहिरीचे ऐकावे लागते, ही गोष्ट कोणत्याही नियमपुस्तिकेपेक्षा त्या तरुणाला अधिक चांगली समजली होती, आणि अशा माणसांच्या हाती ही वही द्यावी असे मला मनापासून वाटते.

वहीचे मोल एका आकड्यात नसते. ते आकड्यांच्या रांगेत असते. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातील चिलग्रोव्ह येथील एका घराच्या विहिरीची पातळी १८३६ पासून मोजली जात आहे, आणि जगातील सर्वांत दीर्घ अशा या अखंड नोंदीवरून तेथील खडूच्या खडकातील पाण्याचे दीड शतकाहून अधिक काळाचे चढउतार अभ्यासकांना वाचता येतात. आपल्याकडे केंद्रीय भूमिजल मंडळाचे कर्मचारी देशभरातील हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवतात; महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेच काम गावोगावच्या विहिरींवर जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत करते. दोहोंनी मिळून जी आधारसामग्री जमा केली आहे तिच्याविना तालुक्यांचे सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित आणि अतिशोषित हे वर्गीकरणच शक्य झाले नसते. वर्षाला जेवढे पाणी मुरते त्यातून उपशाला योग्य अशा पाण्याच्या शंभर टक्क्यांहून अधिक जेथे उपसले जाते तो भाग अतिशोषित, आणि बंगळूर नागरी जिल्ह्याचे तालुके या वर्गात आहेत. परंतु तालुक्याला मोजक्या विहिरी आणि वर्षाला चार नोंदी, एवढ्या सामग्रीवरून यशवंतपूरच्या एखाद्या गल्लीला पुढच्या एप्रिलात पाणी पुरेल की नाही हे सांगता येणार नाही; तशी तिच्याकडून अपेक्षाही करू नये.

नेमकी हीच उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातून झाला. तेथील प्राध्यापक एम. शेखर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ ते २०१७ या काळात बंगळूरभर १५४ ठिकाणी भूजलपातळीची मोजणी केली. त्यांना जे आढळले ते भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील नियमाच्या उलट होते. साधारणतः उंचवट्यावर पाणी खोल आणि खोलगट भागात उथळ असते; बंगळूरमध्ये मात्र उंचावरील जुन्या वस्तीखाली पाणी जवळ आणि कडेच्या सखल, नव्याने वाढणाऱ्या वस्त्यांखाली ते खोल, असा प्रकार दिसला. त्यांनी याचा जो उलगडा सुचवला तो असा, की जुन्या शहरात कावेरीचे पाणी नळांनी पोहोचलेले असल्यामुळे बोअरचा उपसा कमी, आणि तेच पाणी फुटक्या नळांतून आणि गटारांतून जमिनीत मुरते म्हणून भर अधिक. कडेला नळ नाहीत, तेथे सगळा भार बोअरवर. २०१६ च्या अवर्षणात या क्षेत्रातून २७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १,९०० कोटी लिटर, पाणी घटले. पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या जोरदार पावसाने ६७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४,७०० कोटी लिटर, पाणी परत मुरले. पावसाचा सुमारे साडेतेरा टक्के भाग भूगर्भात पोहोचला, असा त्यांचा हिशेब निघाला. सिमेंटने मढलेल्या नगरातही भूमी अजून पाणी घेते, हे या आकड्यांनी सिद्ध केले, आणि एरवी निराशेच्याच वार्ता ऐकणाऱ्या नागरिकाला ही गोष्ट कोणीतरी आवर्जून सांगायला हवी.

यशवंतपूर या दोन प्रदेशांच्या सीमेवर आहे. मल्लेश्वरमाच्या बाजूला जुने नळ, त्यांची गळती आणि त्यामुळे वर आलेले पाणी. पीण्याच्या बाजूला कारखाने, नव्या वसाहती आणि खोल गेलेल्या विहिरी. वर आलेले पाणी पाहून एखाद्या इमारतीच्या कार्यकारिणीला धीर येतो. परंतु त्या पाण्यात कावेरीबरोबर गटारही मिसळलेले असू शकते, आणि पातळी मोजणाऱ्याने नायट्रेट आणि जंतू यांची तपासणी केली नाही तर त्याची मोजणी अर्धीच राहते. पीण्याकडील प्रश्न याहून कठीण आहे. तेथील धातूंवर मुलामा देण्याच्या कारखान्यांच्या परिसरातील भूजलात षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे कर्करोगाला कारण होणारे विषारी क्रोमियम, आढळल्याचे शासकीय संस्थांच्या तपासण्यांतून पुढे आलेले आहे. अशा ठिकाणी पातळी खाली जाणे ही केवळ टंचाईची सूचना नसते. उपसा वाढला की पाण्याचा ओघ उपशाच्या दिशेने वळतो, आणि शेजारची दूषित भेग आपल्या विहिरीला पाणी देऊ लागते. म्हणून त्या भागात पातळीच्या वहीशेजारी प्रयोगशाळेचा दाखला असलाच पाहिजे, आणि तो सहामाही मिळवण्याचा खर्च संकुलाने टँकरच्या खर्चाइतकाच अपरिहार्य मानला पाहिजे.

२०२४ चा उन्हाळा बंगळूरकरांच्या स्मरणात दीर्घकाळ राहील. २०२३ चा पाऊस अपुरा झाला होता आणि मार्चच्या आरंभी राज्याचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी आपल्या घरचीदेखील विंधनविहीर आटल्याचे जाहीरपणे सांगितले. शहरातील सुमारे १४,००० सरकारी विंधनविहिरींपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे शासनाने सांगितले. वाहने धुण्यासाठी वा बागेसाठी पिण्याचे पाणी वापरल्यास ५,००० रुपये दंडाचा हुकूम निघाला. जिल्हा प्रशासनाने टँकरचे दर बांधून देऊन १२,००० लिटरच्या टँकरला पाच किलोमीटरांपर्यंत १,००० रुपये ठरवले. २००७ मध्ये महानगरपालिकेत सामील झालेल्या ११० गावांत, जेथे कावेरीचे नळ नव्हते तेथे, हाल सर्वाधिक झाले. त्या सर्व गोंधळात मला खटकलेली गोष्ट एवढीच, की बहुतेक इमारतींना आपली विहीर आटल्याचे कळले ते मोटर कोरडी चालून जळाल्यावर. पातळी महिन्यामहिन्याला उतरत होती. डिसेंबरात, जानेवारीत ती मोजली गेली असती तर उपसा आधीच आवरता आला असता, आणि नव्या बोअरवर झालेला खर्च किती ठिकाणी व्यर्थ गेला तोही वाचला असता. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि आधीच्या १,४५० दशलक्ष लिटरांत दररोज ७७५ दशलक्ष लिटरांची भर पडण्याची सोय झाली. हे मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय संबंधितांना दिले पाहिजे. तथापि नदीचे पाणी वाढले की भूजलाची वही मिटून ठेवायची, ही अर्कावतीच्या वेळची चूक पुन्हा होता कामा नये.

मोजणी हे निदान झाले. उपचार पाऊस जमिनीत घालण्याचा. २००९ पासून ठराविक आकारापुढील घरांना पर्जन्यजलसंचय सक्तीचा आहे. बंगळूरचा वार्षिक पाऊस सरासरी ९७० मिलिमीटरांच्या आसपास. ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद अशा भूखंडावर वर्षाला दोन लाख लिटरांहून अधिक पाणी आकाशातून पडते. त्याला जमिनीची वाट दाखवणाऱ्या विहिरी खणण्याचे काम आजही जे लोक हाताने करतात ते मण्णु वड्डर समाजाचे आहेत. आपल्याकडच्या मातीवडारांचे हे सगेच. सर्जापूरकडील भोविपाळ्यात त्यांची मोठी वस्ती आहे. तीन फूट व्यासाची, वीस-तीस फूट खोल विहीर दोघेतिघे जण पहार, फावडे आणि दोराला बांधलेली बादली एवढ्या साधनांवर खणतात. मुरमाचा रंग बदलला, हाताला ओल लागली, की पाणी कोठे आहे याचा अंदाज त्यांना यंत्राशिवाय येतो. एस. विश्वनाथ आणि ‘बायोम’ ही संस्था यांनी दहा लक्ष विहिरींचा संकल्प मांडून या समाजाच्या कसबाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. कब्बन पार्कमधील जुन्या विहिरी उपसून पाणी पुन्हा वाहते केले ते याच हातांनी. येथे एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. छपराचे गाळलेले पाणी उथळ पुनर्भरण विहिरीत सोडणे हे श्रेयस्कर. रस्त्यावरचे तेलकट पाणी थेट खोल बोअरमध्ये घालणे हा अपराध आहे, कारण भेगेत गेलेली घाण काढण्याचा उपाय कोणाजवळही नाही.

पुनर्भरण झाले की नाही, हे ठरवणार शेवटी वहीच. आंध्र प्रदेशात या शतकाच्या पहिल्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने सात अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतील शेतकरी स्त्री-पुरुषांनी आपल्याच बोअरची पातळी आणि आपल्याच गावचा पाऊस मोजला, पाण्याचा ताळेबंद गावासमोर भिंतीवर लिहिला, आणि त्यानुसार पिके ठरवली. गुजरात आणि राजस्थानातील काही गावांत ‘भूजल जाणकार’ म्हणून तयार झालेले गावकरी विहिरींच्या नोंदी घेतात. आपल्या हिवरेबाजारात विंधनविहिरींच्या पाण्यावर शेती करण्यास गावानेच बंदी घातली आणि दरवर्षी ताळेबंद मांडूनच पिकांचा निर्णय होतो. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे : आकडा अधिकाऱ्याच्या फायलीत गेला नाही, तो चावडीवर आला. बंगळूरमध्येही सर्जापूर रस्त्यावरील ‘रेनबो ड्राइव्ह’ या वसाहतीने घरगुती बोअरला मज्जाव करून, वापराप्रमाणे चढते दर लावून आणि पुनर्भरण विहिरी खणून, शहरी लोकांनाही हे साधते याचा दाखला घालून दिला आहे.

आता संवेदक आले आहेत. बोअरमध्ये दाबमापक सोडला की तासातासाची पातळी भ्रमणध्वनीवर दिसते, आणि पाणीपुरवठा मंडळही आपल्या विहिरींवर अशी यंत्रे बसवू लागले आहे. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु यंत्राचा आकडा पडताळण्यासाठी महिन्यातून एकदा पट्टी सोडणारा माणूस लागतोच. मत्तीकेरेच्या त्या संकुलाने मार्चपासून बोअरचा उपसा दिवसातून दोन टप्प्यांत विभागला, मध्ये विहिरीला सावरायला अवधी ठेवला, आणि पातळी एका ठरलेल्या आकड्याखाली गेली तर बोअर बंद करून टँकर मागवायचा असा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर केला. तो आकडा जिन्याखालच्या फळ्यावर लिहिलेला आहे. एका अडचणीचे उत्तर मात्र एकट्या संकुलाला सापडत नव्हते. भिंतीपलीकडच्या इमारतींचे पंप पहाटे चालू असले की यांची पातळीही खाली ओढली जात असे आणि स्थिर पातळीचा आकडा खोटा ठरत असे. काकांनी वही काखोटीला मारून त्या इमारतींच्या चिटणीसांची भेट घेतली, दोन वर्षांच्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या, आणि पुढच्या मोजणीच्या आदल्या रात्रीपासून आपापले बोअर बंद ठेवण्याचे दोन इमारतींनी मान्य केले आहे. तिसरीचा निर्णय त्यांच्या सभेपुढे आहे.